विदर्भातून वेळासला: लेकरांना कासवाची पिल्लं दाखवायची तर

कासवाची पिल्लं समुद्राकडे जातानाचे व्हिडिओ आता आपल्याकडच्या पोट्ट्यांनीही पाहिले आहेत. मग एखाद्या रात्री जेवताना प्रश्न येतो, "बाबा, हे आपल्या महाराष्ट्रातच आहे ना? मग आपण काहून नाही जात?" जाता येतं. मात्र मुंबई-पुण्याचा माणूस जसा जातो तसं आपल्याला जाऊन चालत नाही. तो शुक्रवारी ठरवतो, शनिवारी पोचतो आणि पिल्लं नाही दिसली तर पुढच्या महिन्यात पुन्हा चक्कर मारतो. आपण निघणार कारंजा, दारव्हा, आर्वी, चिखली, नाहीतर चिमूरहून. येण्याजाण्यात दोन-तीन दिवस मोडतात, गुरंढोरं शेजाऱ्याच्या भरवशावर टाकावी लागतात. "पुढच्या वेळी पाहू" हे आपल्याला परवडत नाही.

म्हणून माझं सांगणं एकच: कोकण किनाऱ्यावरच्या वेळाससारख्या गावात दोन रात्री मुक्काम धरा आणि बाकी सगळं त्याच्या मागेपुढे बसवा. पिल्लं सोडतात ती साधारण सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सूर्य कलल्यावर. पहिल्या दिवशी दुपारी पोचलात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निघालात, तर दोन संध्याकाळ आणि दोन सकाळ मिळून चार वेळा किनाऱ्यावर जाता येतं. एकच रात्र राहिलात तर दोनदाच. एवढ्या लांबून जाऊन दोन संधींवर सगळं लावणं म्हणजे जुगार.

आधी घरट्यांच्या तारखा, मग तुमच्या

कोकणात येणारं कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत दीड-दोन फुटांचा खड्डा करतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि पाण्यात परत जातात. पुन्हा मागे वळून पाहायला येत नाहीत. वाळूची ऊब हीच आई. त्या उबेवर साधारण 50 ते 55 दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. थंडीतल्या घरट्यांना काही दिवस जास्त लागतात, उन्हं तापल्यावरची थोडी लवकर फुटतात. त्यामुळे पिल्लं पाहण्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत धरायचा, आणि त्यातही मार्च सगळ्यात भरवशाचा.

आता यातली उपयोगाची गोष्ट. प्रत्येक घरटं कोणत्या तारखेचं, ही नोंद कासवमित्रांकडे, म्हणजे अंडी राखणाऱ्या गावातल्या माणसांकडे, असते. म्हणजे हिशेब घरबसल्या मांडता येतो. 20 जानेवारीचं घरटं असेल, तर 50 दिवस होतात 11 मार्चला आणि 55 होतात 16 मार्चला. अशा तीन-चार घरट्यांच्या तारखा कॅलेंडरवर मांडा आणि जिथे जास्त घरटी एकावर एक येतात तो आठवडा उचला. "मार्चमध्ये कधीतरी" असं म्हणून निघणारे लोक नेमके दोन घरट्यांच्या मधल्या कोरड्या दिवसांत पोचतात आणि रिकाम्या हातानं परततात.

योगायोगानं हे रेल्वेच्या आरक्षणाशीही जुळतं. नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे जानेवारीच्या मध्यात तुम्ही मार्चच्या मध्याचं तिकीट काढत असता, तेव्हाच तिकडे वाळूत त्याच आठवड्याची अंडी पडत असतात. जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फोन करायचा, घरट्यांच्या तारखा घ्यायच्या आणि त्याच दिवशी गाडीचं तिकीट काढायचं.

आपल्या बाजूच्या तारखाही असतातच. मार्चमध्ये हरभरा निघून घरात आलेला असतो, रोही-रानडुकरांची जागल संपलेली असते आणि गव्हाची सोंगणी बऱ्याच ठिकाणी बाकी असते. ही मधली फट सोयीची. दहावी-बारावीचं लेकरू घरात असेल तर त्या वर्षी नादच सोडा. खालच्या वर्गांच्या वार्षिक परीक्षा आता एप्रिलमध्ये असल्यानं मार्चमध्ये तीन-चार दिवसांची रजा गुरुजी देतात. कासवं पाहायला नेतो म्हटलं तर आनंदानं देतात.

होळीचा आठवडा मात्र टाळलेला बरा. कोकणात शिमगा म्हणजे आपल्या पोळ्याच्या वरताण सण. मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात, गावोगावी देवाच्या पालख्या फिरतात, गाड्या भरून वाहतात आणि ज्यांच्या घरी तुम्ही उतरणार त्यांचं अर्धं लक्ष पालखीत असतं. पालखी पाहायची हौस असेल तर जरूर जा, पण मग ती शिमग्याची सहल समजा. शनिवार-रविवारही शक्यतो नको. सोमवार ते गुरुवार किनाऱ्यावर माणसं कमी असतात आणि पिल्लं सोडताना धरतात त्या दोरीशी लेकरांना उभं राहायला मिळतं.

कोणता किनारा

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं इथे अंडी राखायचं काम सुरू केलं. त्याआधी कासवाची अंडी काढून खाणं-विकणं चालायचंच, उरलेली कोल्ही-कुत्री उकरायची. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांना राहायला गावकऱ्यांनी आपल्या घरातल्या खोल्या दिल्या. आज वन विभाग आणि कांदळवन कक्षाच्या मदतीनं असं काम बऱ्याच गावांत चालतं: दापोली तालुक्यात आंजर्ले आणि केळशी, रायगडात हरिहरेश्वर आणि दिवेआगर, खाली गुहागर, अगदी वेंगुर्ल्याजवळ वायंगणीपर्यंत.

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबानं वेळास किंवा आंजर्ले धरावं. वेळासला घरगुती मुक्कामाची घडी चांगली बसलेली आहे आणि गावाला पाहुण्यांची सवय आहे. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे, शेजारी हर्णैचं बंदर आणि पाण्यात उभा सुवर्णदुर्ग आहे, त्यामुळे सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांचाही दिवस छान जातो. गुहागरला घरटी पुष्कळ होतात, पण आपल्याकडून ते आणखी लांब पडतं.

एक समजून घ्या. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला लाखो माद्या एकदम येतात, ते दृश्य वेगळं. आपल्या कोकणात एकेकटी मादी येते. सोडायच्या वेळी कधी सत्तर-ऐंशी पिल्लं असतात, कधी तीनच. व्हिडिओत पाहिलेला लोंढा डोक्यात घेऊन गेलेलं लेकरू तीन पिल्लं पाहून हिरमुसतं, म्हणून हे घरीच सांगून ठेवायचं.

फोनवर काय विचारायचं

मुक्कामाच्या घरी थेट फोन करा आणि सरळ विचारा: "दादा, यंदा घरटी किती झाली? मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फुटतील अशी किती आहेत?" रोज हे ऐकणारी माणसं आहेत, नीट सांगतात. "नक्की दिसतील का?" हा प्रश्न नका विचारू. त्याचं खरं उत्तर कोणाकडेच नसतं आणि जो "शंभर टक्के" म्हणतो त्याच्याकडे उतरू नका.

मग बाकीचं. दर माणशी असतो की खोलीवर, त्यात दोन्ही जेवणं आणि नाश्ता धरला आहे का, लहान लेकरांचे किती. संडास घरात आहे की अंगणापलीकडे, इंग्रजी की देशी. आजीचे गुडघे दुखत असतील तर हा प्रश्न दरापेक्षा महत्त्वाचा. गाडी कुठपर्यंत येते. एसटीनं येणार असाल तर मंडणगडाहून घ्यायला रिक्षा मिळेल का. बहुतेक घरांत जेवण शाकाहारी असतं; मासे हवे असतील तर आधी विचारा, आणि नाही म्हणाले तर आग्रह धरू नका. थोडे आगाऊ पैसे पाठवून तारीख पक्की करा. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एक फोन: कालपर्यंत काय निघालं, उद्या-परवा काय अपेक्षा आहे. घरटी ठरल्यापेक्षा फारच मागे-पुढे झाली असतील, तर वेळासला एक रात्र आणि आंजर्ल्याला एक असं फिरवता येतं. दोन्ही गावांत अंतर दीड-दोन तासांचं आहे.

जायचं कसं

रेल्वेनं जाणाऱ्यांना विदर्भ एक्सप्रेस ओळखीची. गोंदियाहून निघून नागपूर, वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव असं करत सकाळी मुंबईकडे पोचते. यवतमाळकरांना धामणगाव किंवा बडनेरा, वाशीमकरांना अकोला. गडचिरोली-चंद्रपूरकरांना आधी वर्धा नाहीतर नागपूर गाठावं लागतं. मुंबईच्या पोटात शिरायचं काही कारण नाही. कल्याणला उतरा, तिथून पनवेल गाठा आणि कोकणाकडे जाणारी एसटी धरा, नाहीतर सहा-सात जण असाल तर पनवेलहून गाडी ठरवा. दिव्याहून सावंतवाडीकडे जाणारी गाडीही माणगावला थांबते.

याशिवाय नागपूर ते मडगाव अशी एक विशेष गाडी आठवड्यातून दोनदा चालते. ती वर्धा, बडनेरा, अकोल्याहून कल्याण-पनवेलमार्गे कोकण रेल्वेवर जाते आणि माणगाव, खेड अशी थांबते. वेळाससाठी माणगाव जवळ, आंजर्ल्यासाठी खेड. मधे गाडी बदलायची नाही, हे लेकरं आणि बोचकी सोबत असताना मोठं सुख. फक्त विशेष गाडी असल्यानं तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते. तुमच्या तारखेला ती धावते आहे का हे पाहूनच बाकीचं ठरवा.

तिकीट काढताना: पाच वर्षांखालच्या लेकराला रेल्वेत तिकीट नाही. पाच ते बारामध्ये स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं पडतं, अर्धं नाही. रात्रभराच्या प्रवासात दहा वर्षांच्या पोट्ट्याला मांडीवर नेण्यापेक्षा ते भरलेलं बरं. एसटीत मात्र पाच ते बारा वर्षांच्या लेकरांना अर्धं तिकीट आहे, महिलांना सगळ्या गाड्यांत अर्धं, 65 ते 75 वयाच्यांना अर्धं आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. आजी, आई आणि दोन पोरी असं कुटुंब असेल तर कोकणातला एसटीचा प्रवास फारच स्वस्तात होतो. आजीचं आधारकार्ड तेवढं वरच्या कप्प्यात ठेवा.

स्वतःची गाडी असेल तर समृद्धी. जून 2025 पासून नागपूर ते ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंतचा 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता सुरू आहे आणि धामणगाव, कारंजा, मेहकर अशा जवळच्या ठिकाणांहून वर चढता येतं. आमण्याहून पनवेल आणि मग मुंबई-गोवा महामार्गानं माणगाव. नागपूरहून वेळास नऊशे किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे हे एका दमात करायचं काम नाही. समृद्धीवर वळणं नाहीत, गावं नाहीत, गुरं आडवी येत नाहीत. तासन् तास एकसारखा रस्ता पाहून डोळे उघडे असतानाच झोप लागते. दिवसभर वावरातलं काम उरकून रात्री दहाला स्टेअरिंगवर बसायचं नाही. पहाटे निघा, शिर्डी-नाशिकच्या बाजूला रात्र काढा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळास. निघण्याआधी टायर दाखवून घ्या. झिजलेला टायर त्या सिमेंटवर तापून फुटतो. डिझेल-पेट्रोल पंप दिसला की टाकी भरून घ्यायची सवय ठेवा.

माणगावनंतर दोन वाटा. एक आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडून म्हाप्रळ, मंडणगड आणि वेळास. हा पूल मधल्या काळात दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हा मुक्कामाच्या घरी विचारूनच या वाटेला लागा. दुसरी म्हसळा-श्रीवर्धनवरून बागमांडल्याला जाते, आणि तिथून गाडीसकट जंगलजेटीनं खाडी ओलांडून वेसवीला. लेकरं सोबत असतील तर मी डोळे झाकून हीच वाट सांगेन. आपली गाडी बोटीत चढते, बोट हलते आणि समोर खाडी समुद्राला मिळताना दिसते. वऱ्हाडातल्या पोरांना एवढ्यातच अर्ध्या सहलीचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. वेसवीहून बाणकोटमार्गे वेळास जवळच. फेरीच्या वेळा संध्याकाळनंतर विरळ होतात, म्हणून दुपारीच तिथे पोचा.

निघण्याआधी लेकरांशी बोलणं

हे काम घरचं, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं. गावातल्या महादेवाच्या देवळात नंदीजवळ दगडी कासव असतं. लेकरं रोज त्याला हात लावून आत जातात. एका संध्याकाळी तिथेच बसवून सांगा की आपण ज्याला पाहायला जातोय त्याला हात लावायचा नाही. का, तेही सांगा. पिल्लू वाळूवरून स्वतः चालत समुद्रात जातं, तेव्हा हा किनारा त्याच्या आत कुठेतरी नोंदला जातो. मोठी झालेली मादी अंडी घालायला आपल्या जन्माच्या किनाऱ्याच्या आसपास परत येते ती त्यावरच. पाण्यापर्यंत उचलून नेलं तर तिची ही वाट कच्ची राहते.

हजारातलं जेमतेम एखादं पिल्लू मोठं होतं असं मानतात, हेही सांगून टाका. लेकरं आपल्याला वाटतं तेवढी नाजूक नसतात. बोंडअळी आणि गारपीट पाहिलेल्या घरातली तर नसतातच. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, थंड राहिली तर नर जास्त, ही गोष्ट त्यांना हमखास आवडते. शिवाय दोन खऱ्या कासवांच्या गोष्टी. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं प्रथमा. आणि 2021 मध्ये ओडिशात खूण लावलेली एक मादी 2025 साली गुहागरला येऊन अंडी घालून गेली. पूर्व किनाऱ्यावरून भारताला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर! भिंतीवरच्या नकाशात बोट फिरवून दाखवा.

जाता जाता एक कडू गोष्टही निघेल ती निघू द्या. आपल्याकडे पाणी साफ राहतं म्हणून विहिरीत, किंवा पैसा येतो म्हणून घरातल्या टाक्यात कासव ठेवणारे लोक आहेत. नदी-तळ्यातलं ते साधं कासवसुद्धा समुद्रातल्या कासवासारखंच 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणं-पाळणं गुन्हा आहे. काकाच्या विहिरीत एखादं असेल तर वन विभागाला कळवून सोडवणं हे वेळासला जाण्यापेक्षाही चांगलं काम.

बॅग आणि शिदोरी

मार्चमध्ये आपल्याकडे ऊन चढतं पण कोरडं असतं. कोकणात पारा कमी आणि घाम जास्त. अंगावरचा घाम वाळतच नाही. जाड जीन्स घरी ठेवा, सुती कपडे घ्या आणि एक जोडी जास्तीची घ्या, कारण धुतलेलं लवकर वाळत नाही. दुपट्टा हवाच, उन्हालाही आणि वाळूत बसायलाही. पायात वाळू झटकता येईल अशी चप्पल किंवा सँडल. चालताना लाईट लागणारे लेकरांचे बूट अजिबात नकोत, कारण पुढे येतंच आहे. घाटात उलटीचा त्रास होणाऱ्यांनी गोळी गाडी सुरू होण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, घाट लागल्यावर नाही. रोख पैसे मंडणगडाच्या आधीच काढून ठेवा. गावात मोबाईलला रेंज कधी असते, कधी नसते.

रेल्वेसाठी दशम्या, ठेचा, मुरमुऱ्याचा चिवडा. ठेचा थोडा जास्तच घ्या. तिकडचं जेवण गोड्या चवीचं असतं: आमटी-भात, तांदळाची भाकरी, सोलकढी, कुळथाचं पिठलं, नशीब असेल तर उकडीचे मोदक. आपल्या लोकांना दुसऱ्या दिवशी जीभ चाळवते. तेव्हा काकूंना "तिखट कमी आहे" म्हणण्यापेक्षा आपला ठेचा त्यांच्याही ताटात वाढावा. ज्वारीची भाकरी मागू नका. तांदळाची ऊन भाकरी तव्यावरून थेट ताटात येते तेव्हा ती ज्वारीला हरवत नसली तरी बरोबरीला येते.

किनाऱ्यावर

सकाळी सहाला उठा. गावातून किनाऱ्यापर्यंत थोडं चालावं लागतं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन वेळ लागतो. भरतीच्या रेषेच्या वर जाळीचं कुंपण दिसेल, ती हॅचरी. रात्री मादी येऊन गेल्यावर वाळूत तिच्या पायांचा रुंद माग उरतो. कासवमित्र पहाटे किनारा चालून तो माग काढतात, अंडी अलगद काढतात आणि इथे तेवढ्याच खोलीचे खड्डे करून पुरतात. प्रत्येक घरट्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी असते. लेकरांना ती वाचू द्या, घरी मांडलेला हिशेब ताडून पाहू द्या. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. पिल्लं वर यायच्या आधी मधली वाळू किंचित खचते.

टोपली उचलायची वेळ आली की कासवमित्र पाण्याच्या अलीकडे काही अंतरावर दोरी धरतात किंवा रेघ ओढतात. तिच्या मागेच थांबायचं. दोरीपुढच्या वाळूत आधी जाऊन आलात तर तुमच्या पावलाचे खड्डे उरतात, आणि आपला टाचेएवढा खड्डा पिल्लाला चढायला जड जातो. पाण्यात आधीच जाऊन उभं राहणं तर त्याहून वाईट; लाटेत शिरलेलं पिल्लू दिसत नाही आणि पायाखाली येतं.

फोटो झूम करून काढा, फ्लॅश बंद. नुसता ऑटोवरून काढू नका, पूर्ण बंद करा, कारण संध्याकाळी उजेड कमी झाला की तो आपोआप पेटतो. पिल्लू समुद्राची दिशा उजेडावरून ओळखतं: पाण्यावरचं आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं, तिकडे ते चालतं. मोबाईलचा टॉर्च किंवा बुटातला लाल दिवा दिसला की ते वळतं. म्हणूनच त्या बुटांना मनाई.

पिल्लू काडेपेटीत मावेल एवढं असतं, करडं-काळं, पाठीवर वाळूचे कण चिकटलेले. बाहेर काढल्यावर काही क्षण गप्प पडून राहतं. मग एक वल्ह्यासारखा पाय पुढे, मग दुसरा. चार पावलं चालतं, थांबतं, मान वर करतं, पुन्हा चालतं. सगळी सारख्या वेगानं जात नाहीत. एखादं सरळ पाण्यात पोचलेलं असतं तेव्हा दुसरं अजून जागेवरच गोल फिरत असतं. पहिली लाट येते आणि त्याला उचलून पुन्हा मागे आणून टाकते, कधी उलटं. इथेच लेकरं "अरे, त्याला मदत करा ना!" असं ओरडतात. करायची नाही. ते सुलटं होतं, पुन्हा निघतं. खरंच अडकलं तर कासवमित्र पाहतात, त्यांचं लक्ष असतं. हात लावायचा हक्क त्यांचाच, तुमच्या लेकराचा वाढदिवस असला तरी.

सगळी गेल्यावर लगेच पांगू नका. दोरी काढली म्हणून पाण्याकडे पळायचं नाही. मागे पडलेलं एखादं असतं. थोड्या वेळानं कासवमित्रांना प्रश्न विचारा. ही गावातलीच माणसं असतात आणि रात्रीच्या गस्तीच्या गोष्टी त्यांच्याकडे पुष्कळ असतात.

मादी पाहायला मिळेल म्हणून रात्री किनाऱ्यावर भटकू नका. माणसांची चाहूल लागली, उजेड दिसला की ती अंडी न घालताच परत फिरते.

पिल्लं नाही निघाली तर

एका वेळी काही निघालं नाही, हे सर्रास होतं. म्हणूनच चार संधी. टोपल्या उचलून पाहतात, खाली नुसती वाळू. अशा वेळी लेकराला हॅचरीच्या पाट्या पुन्हा दाखवा, कोणत्या घरट्याचे किती दिवस भरले ते मोजायला लावा. संध्याकाळी पुन्हा या. ज्या कुटुंबांना पहिल्याच वेळी दिसतात त्यांनीही दुसऱ्या सकाळी जावं. पहिल्यांदा सगळे मोबाईलमधून पाहतात, दुसऱ्यांदा डोळ्यांनी.

चारही वेळा रिकाम्या गेल्या तर कासवमित्रांवर चिडू नका. त्यांनी अंडी राखली, फोडणं त्यांच्या हातात नाही. नवीन तारीख विचारा. जमत असेल तर एक रात्र वाढवा किंवा आंजर्ल्याला फोन लावून तिथली खबर घ्या.

समुद्राचं पाणी

आपली पोरं विहिरीत गठ्ठे मारतात, वर्धेच्या नाहीतर पैनगंगेच्या डोहात पोहतात. त्यामुळेच त्यांची जास्त काळजी. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी परत जाताना पायाखालची वाळू आणि माणूस दोन्ही ओढून नेतं. पट्टीचा पोहणारासुद्धा त्या ओढीत दमतो. गुडघ्यापर्यंत, मोठ्या माणसाचा हात धरून, आणि तेही गावकऱ्यांनी सांगितलेल्या जागी. ओहोटीला पाणी आत जाताना तर जायचंच नाही. भरती-ओहोटीच्या वेळा रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकतात आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठं असतं, म्हणून आज सकाळी जिथे सुरक्षित होतं तिथे उद्या तसंच असेल असं धरू नका. दुपारच्या जेवणानंतर मोठी माणसं लवंडतात तेव्हा पोट्टे किनाऱ्याकडे सटकतात. ती वेळ कोणीतरी जागं राहून राखायची.

मधला दिवस आणि परतीची वाट

मधल्या दिवशी दुपारी बाणकोटचा किल्ला पाहून येता येतो. इंग्रजांनी याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं होतं. वरून सावित्रीचं मुख आणि पलीकडे हरिहरेश्वरची बाजू दिसते. संध्याकाळच्या वेळेआधी परत या.

परतीला आणखी एक थांबा सांगतो. मंडणगड तालुक्यातलंच आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. दीक्षाभूमीवर दरवर्षी जाणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक घरांना ते एवढ्या वाटेवर आहे हे ठाऊक नसतं. पुढे महाडला चवदार तळं. 1927 च्या 20 मार्चला तिथे सत्याग्रह झाला, त्यामुळे दरवर्षी त्या तारखेला महाडात मोठी गर्दी असते. अभिवादनाला जायचं असेल तर कासवांची तारीख तिच्याशी जुळवा आणि मुक्काम लवकर पक्का करा. नुसतं तळं पाहायचं असेल तर तो एक दिवस सोडून जा.

शेवटच्या दिवशी सकाळची वेळ साधून नऊ-साडेनऊला निघालात तर आंबडवे आणि महाड करून रात्रीपर्यंत पनवेल-कल्याण होतं. मात्र महामार्गावर अडकायला झालं तर गाडी चुकते, म्हणून परतीचं तिकीट संध्याकाळच्या गाडीचं न काढता रात्री उशिराच्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं काढा.